बेल्जियन विटबिअर चाखताना

विटबिअर म्हणजे धणे आणि कडू संत्र्याची साल घालून केलेली गव्हाची बिअर. बाटली ५ ते ७ अंश सेल्सिअसवर येऊ द्या. त्याहून गार असेल तर धण्यांचा वास दबतो. पाऊण बिअर तिरक्या ग्लासात ओता, उरलेली बाटलीतच हलके गोल फिरवून तळाचं यीस्ट मोकळं करा, मग ओता. हा गढूळपणा हवाच. लिंबाची फोड मात्र नको, तिने फेस बसतो आणि वासही झाकला जातो.

फेस आहे तोवर हुंगा: आधी कडू संत्र्याची साल, मागून धणे, किंचित मिरीसारखा झणका. घोट जिभेवर फिरवा. मोड न आणलेल्या गव्हाचा मऊपणा, शेवटी हलका आंबट कोरडेपणा लागायला हवा.

साबणासारखी चव आली तर धणे जास्त झालेत. घशात रेंगाळणारा कडूपणा बहुधा सालीखालच्या पांढऱ्या भागाचा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर बिअर शिळी.