लायडारच्या उंचीची नोंद कशी लिहावी: खुल्या नकाशांसाठी काम करणाऱ्यांना मार्गदर्शक

गिरगाव चौपाटीवर वाळूत उभं राहून फोनवर कच्ची जीपीएस उंची दाखवणारं ॲप उघडलं, तर आकडा येतो उणे साठ मीटरच्या आसपास. फोन बिघडलेला नसतो. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गुळगुळीत, गणिती लंबगोलापासून. आपण ज्याला समुद्रसपाटी म्हणतो तो पृष्ठभाग मुंबईत त्या लंबगोलाच्या साठेक मीटर खाली आहे. लंडनमध्ये नेमकं उलटं, तिथं तो चाळीसहून अधिक मीटर वर आहे. म्हणून उंचीचा नुसता आकडा मला कोणी दिला तर मी तो वापरत नाही. कुठल्या शून्यापासून मोजला, कधी मोजला, जमिनीचा आहे की झाडाच्या शेंड्याचा, आणि तो वापरायची मुभा कोणी दिली, एवढं सोबत लागतंच.

विमानातून लेझरने मोजलेल्या उंचीचा, म्हणजे लायडारचा, डेटा आज अनेक देशांनी खुला केला आहे. ओपनस्ट्रीटमॅपसारख्या लोकांनी मिळून केलेल्या नकाशासाठी ही खाणच आहे. पण तो वापरायचा तर आधी कोणीतरी बसून त्याची नीट नोंद, म्हणजे डेटासोबतचं माहितीपत्रक, लिहावी लागते. ती कशी लिहायची ते इथे सांगतो. उदाहरण घेतलं आहे इंग्लंडच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या डेटाचं. पुराचा अंदाज बांधण्यासाठी ही सरकारी संस्था १९९८ पासून लायडारची उड्डाणं करते आहे आणि सप्टेंबर २०१५ मध्ये तिने तो साठा सर्वांसाठी खुला केला.

आधी परवाना, मग डाउनलोड

बहुतेक जण फाइल उतरवून घेतात, सुंदर चित्र बनवतात आणि मग परवान्याकडे वळतात. क्रम उलटा ठेवा. 'मोफत डाउनलोड' हा शब्द म्हणजे परवाना नव्हे. परवान्याचं पूर्ण नाव आणि आवृत्ती लिहा. आपल्या उदाहरणात ती आहे 'ओपन गव्हर्न्मेंट लायसन्स, आवृत्ती ३'. मालकाने श्रेयाचं जे वाक्य दिलं असेल ते वर्षासकट, स्वल्पविरामासकट जसंच्या तसं उतरवा. स्वतःच्या शब्दांत सांगू नका.

मग दुसरा प्रश्न येतो: हा परवाना ओपनस्ट्रीटमॅपला चालतो का? ओपनस्ट्रीटमॅप २०१२ पासून ओडीबीएल या परवान्याखाली आहे. ओपन गव्हर्न्मेंट लायसन्सशी त्याचं जमतं, फक्त श्रेय द्यावं लागतं. क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'बाय ४.०' हा परवाना दिसायला तितकाच उदार, पण तिथे डेटाच्या मालकाकडून वेगळी लेखी सूट घ्यावी लागते. ती घेतली असेल तर तारखेसह नोंदीत लिहा, नसेल तर 'अजून घेतलेली नाही' असं ठळकपणे लिहा. ही एक ओळ वाचून पुढच्या माणसाचे कित्येक तास वाचतात.

आणि व्याप्ती नेमकी लिहा. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा डेटा इंग्लंडचा आहे. वेल्स आणि स्कॉटलंडचा लायडार वेगळ्या सरकारांकडून, वेगळ्या ठिकाणी मिळतो. 'ब्रिटनचा लायडार' असं लिहिलंत की चुकलंत.

शून्य कुठलं

नोंदीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, आणि लोक नेमका हाच गाळतात. संदर्भप्रणाली दोन असतात, आडवी आणि उभी. आडवी म्हणजे जागा कुठली, उभी म्हणजे उंची कशापासून. इंग्लंडच्या डेटात आडवी प्रणाली ब्रिटिश नॅशनल ग्रिड, ईपीएसजी (संदर्भप्रणालींची जागतिक यादी) क्रमांक २७७००. उभी प्रणाली ऑर्डनन्स डेटम न्यूलिन, क्रमांक ५७०१. दोन्ही मिळून एकच क्रमांक हवा असेल तर ७४०५.

न्यूलिन हे कॉर्नवॉलमधलं मासेमारीचं बंदर. तिथल्या भरती-ओहोटीच्या १९१५ ते १९२१ या काळातल्या नोंदींवरून ब्रिटनचं शून्य ठरलं. भारतात हेच काम १९०९ मध्ये नऊ बंदरांच्या नोंदी एकत्र करून झालं, आणि त्यांत मुंबईचं अपोलो बंदरही होतं. दोन्ही देशांत आपण 'समुद्रसपाटीपासून' असंच म्हणतो, पण शून्यं दोन वेगळी आहेत.

रूपांतर केलं असेल तर कोणत्या पद्धतीने ते लिहा. ब्रिटनमध्ये ओएसटीएन१५ आणि ओएसजीएम१५ या सुधारणा-जाळ्या वापरल्या तर अचूकता टिकते. साध्या सात घटकांच्या सूत्राने केलं तर जागा काही मीटर सरकू शकते. एक मीटरच्या चौकोनात मोजलेला डेटा काही मीटर सरकवून पुढे देणं म्हणजे मापात पाप. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये जाळीची फाइल बसवलेली नसेल तर ते दुसरी पद्धत वापरू शकतं, त्यामुळे ही तपासणी स्वतः करा.

जमीन की जमिनीवरचं सगळं

विमानातलं यंत्र सेकंदाला लाखो लेझर ठोके खाली सोडतं आणि परत येणाऱ्या प्रकाशाचा वेळ मोजतं. एकाच ठोक्याचा थोडा भाग झाडाच्या शेंड्यावरून परततो, थोडा फांदीवरून, थोडा पानांच्या फटीतून जाऊन मातीवरून. म्हणून एकाच जागेची दोन चित्रं बनतात. पृष्ठभागाच्या प्रतिमानात (डीएसएम) झाडं, घरं, सगळं असतं. भूप्रतिमानात (डीटीएम) ती गाळून उघडी जमीन ठेवलेली असते. पॉइंट क्लाउड, म्हणजे मोजलेल्या सुट्या बिंदूंचा साठा, हातात असेल तर प्रत्येक बिंदूला वर्गाचा क्रमांक दिलेला असतो: २ म्हणजे जमीन, ५ म्हणजे उंच झाडं, ६ म्हणजे इमारत, ९ म्हणजे पाणी.

माझी स्वतःची चूक सांगतो. लँकेशायरमधल्या एका शेताच्या कडेने मला हिलशेडमध्ये (उजेड-सावलीने उठाव दाखवणाऱ्या चित्रात) लांबलचक सरळ उंचवटा दिसला. आपल्याकडच्या शेताच्या बांधासारखा, पण दीडेक मीटर उंच. मी तो मातीचा बांध म्हणून नकाशावर टाकला. महिन्याभराने त्या वाटेने चालत गेलो तर तिथे काटेरी झुडपांचं कुंपण होतं, छाटून सरळ केलेलं, आणि जमीन दोन्ही बाजूंनी सपाट. मी उघडली होती पृष्ठभागाची फाइल. फाइलीच्या नावात एका अक्षराचा फरक होता, आणि ज्या नोंदीवरून मी ती घेतली तिच्यात नुसतं 'लायडार एक मीटर' एवढंच लिहिलेलं. त्याच संध्याकाळी मी ती नोंद दुरुस्त केली. तेव्हापासून फाइलच्या नावातला प्रत्येक भाग काय सांगतो हे मी नोंदीत फोड करून लिहितो.

तारीख, आणि ती एकच नसते

एन्व्हायर्न्मेंट एजन्सीचा 'कॉम्पोझिट' थर म्हणजे अनेक वर्षांच्या उड्डाणांची गोधडी. डेटा चौकोनी तुकड्यांत मिळतो, आणि एका तुकड्यातली डावी बाजू एका वर्षाची, उजवी दुसऱ्याच वर्षाची असू शकते. नोंदीत 'तारीख: २०२२' असं लिहिलं तर ते प्रकाशनाचं वर्ष झालं, मोजणीचं नव्हे. दोन्ही वेगवेगळी लिहा. उड्डाणांच्या तारखा सांगणारी सूची संस्था वेगळी देते. ती कुठे मिळते, आणि तिच्यातल्या कुठल्या रकान्यात तारीख आहे, हेही नोंदवा. पॉइंट क्लाउडच्या बाबतीत प्रत्येक बिंदूवर जीपीएस वेळ असते. पीडॅल किंवा लासटूल्स या साधनांनी फाइलची माहिती काढली की ती दिसते.

ऋतूही महत्त्वाचा. इंग्लंडच्या राष्ट्रीय लायडार कार्यक्रमाची उड्डाणं २०१६ च्या हिवाळ्यापासून मुद्दाम हिवाळ्यातच झाली, कारण पानं गळलेली असली की जास्त ठोके जमिनीपर्यंत पोचतात. हे वाक्य नोंदीत असलं की वाचणाऱ्याला जंगलातल्या पायवाटेवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं.

अचूकता: संस्थेची आणि तुमची

संस्था सांगते त्याप्रमाणे या डेटातली उभी चूक (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) १५ सेंटिमीटरच्या आत आहे. हा आकडा लिहा, पण तिथेच थांबू नका. एखादं सपाट, कठीण, न बदलणारं ठिकाण शोधा, वाहनतळ किंवा टेनिस कोर्ट. तिथे चांगल्या जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा मोजणाऱ्या) यंत्राने घेतलेल्या पाच-सहा उंच्या डेटाशी ताडून पाहा. समजा फरक आले ४, उणे ७, ९, उणे ३ आणि १० सेंटिमीटर. वर्गांची बेरीज २५५, पाचने भागून ५१, वर्गमूळ साधारण ७. नुसती सरासरी मात्र अधिक २.६. दोन्ही आकडे लिहा. पहिला विखुरलेपणा दाखवतो, दुसऱ्यावरून सगळा डेटा एका बाजूला झुकला आहे का ते कळतं. झुकाव काही मीटरचा निघाला तर लेझरला दोष देण्याआधी वरचा शून्याचा भाग पुन्हा वाचा.

जिथे डेटा फसवतो

पाण्यावर लायडार भरवशाचा नाही. जवळच्या अवरक्त किरणांचा लेझर पाणी बरंचसं शोषून घेतं, त्यामुळे नदीच्या जागी भोकं किंवा बनावट त्रिकोणी पत्रे दिसतात. भूप्रतिमानातून पूल काढून टाकलेले असतात, म्हणून रस्ता नदीत उतरल्यासारखा वाटतो. दाट सूचिपर्णी लागवडीत जमीन अंदाजाने भरलेली असते. जुन्या मजकूर-स्वरूपातल्या फाइलींत उणे ९९९९ म्हणजे 'माहिती नाही'. हे न कळल्याने कोणी दहा किलोमीटर खोल दरी काढू नये. यातलं तुम्हाला जे दिसलं ते तुकड्याच्या क्रमांकासह लिहा.

चित्र कसं बनवलं तेही लिहा

नकाशा काढणारे आकडे बघत नाहीत, हिलशेड बघतात. म्हणून हिलशेडची कृती हा नोंदीचाच भाग आहे. जीडॅल या सॉफ्टवेअरचं साधन ठरावीक मूल्यांवर सोडलं तर उजेड ३१५ अंशांवरून, म्हणजे वायव्येकडून, ४५ अंश उंचीवरून पडतो. वायव्येचा सूर्य इंग्लंडमध्ये कधीच असा नसतो, पण उजेड चित्राच्या खालच्या बाजूने आला तर डोळ्याला खड्डे टेकड्यांसारखे दिसतात, म्हणून ही रूढी. अडचण अशी की उजेडाच्या दिशेत धावणारा चर किंवा बांध या चित्रात जवळपास पुसला जातो. त्यामुळे अनेक दिशांच्या उजेडाचं चित्र किंवा नुसत्या उताराचं चित्र सोबत द्या. लँकेशायरमध्ये रिब्चेस्टर ते लँकेस्टर हा रोमन रस्ता याच खुल्या डेटातून हौशी अभ्यासकाच्या नजरेला आला. तो शतकानुशतकं शेतांखाली होता.

नकाशात काय जावं, काय जाऊ नये

हे स्पष्ट लिहा, नाहीतर उत्साही माणूस सगळा डेटाच ओतायला बसतो. ओपनस्ट्रीटमॅप उंचीची जाळी साठवत नाही, समोच्च रेषाही नाही. त्या वेगळ्या थरातून येतात. लायडार बघून हाताने काढायच्या गोष्टी वेगळ्या: झाडांखालची पायवाट, चर, भराव, खोदाई, कडा. इमारतीची उंची हवी तर पृष्ठभागातून जमीन वजा करा. छप्पर ६२.४ आणि जमीन ५३.१ असेल तर इमारत ९.३ मीटर. पण हजारो इमारतींना ही उंची यंत्राने लावायची असेल तर ती आयात झाली, आणि आयातीची चर्चा समुदायासमोर आधीच व्हायला हवी. प्रत्येक बदलसंचाच्या (एका वेळी चढवलेल्या बदलांच्या गठ्ठ्याच्या) 'सोर्स' टॅगमध्ये कोणतं नाव कसं लिहायचं ते नोंदीतच ठरवून द्या, म्हणजे दहा जण दहा तऱ्हांनी लिहिणार नाहीत.

जिथे पुरातत्त्वीय अवशेष दिसतात तिथे मी सबुरी ठेवतो. आधी स्थानिक अधिकाऱ्यांना कळवतो, नेमकी जागा लगेच जाहीर करत नाही. रात्री मेटल डिटेक्टर घेऊन फिरणारे तिथे आहेत.

आपल्याकडे

भारतात हा विषय आता दूरचा राहिलेला नाही. मुंबई-अहमदाबाद हायस्पीड रेल्वेच्या ५०८ किलोमीटर मार्गासाठी विमानातून लायडार सर्वेक्षण झालं आहे. २८ डिसेंबर २०२२ ला अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात २०३० पर्यंत सपाट प्रदेशासाठी २५ सेंटिमीटर, तर डोंगराळ भागासाठी १ ते ३ मीटर अचूकतेचं उंचीचं प्रतिमान करायचं म्हटलं आहे. मात्र फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आडवी १ मीटर आणि उभी ३ मीटर यांपेक्षा बारीक डेटा भारतीय संस्थांनीच तयार करायचा आणि तो भारतातच साठवायचा. त्यामुळे परदेशातल्या मराठी मित्रांनी इथल्या एखाद्या तुकड्याची नोंद लिहिताना 'कोण तयार करू शकतो, कुठे ठेवता येतो' असा एक रकाना वाढवायला हवा. इंग्लंडच्या नोंदीत त्याची गरज पडत नाही.

शेवटची तपासणी

नोंद लिहून झाली की ती अशा माणसाला द्या ज्याने हा डेटा कधी पाहिलेला नाही. त्याच्याशेजारी बसा, पण बोलू नका. त्याला एक तुकडा शोधून, उतरवून, क्यूजीआयएसमध्ये योग्य जागी बसवून एका बिंदूची उंची वाचू द्या. तो जिथे अडेल, किंवा वळून तुम्हाला विचारेल, ती ओळ नोंदीत कमी आहे. ती तिथल्या तिथे भरा, आणि खाली आजची तारीख टाका.