बोटीवरच्या दोन बॅटऱ्या एकाच अल्टरनेटरवर नीट चार्ज कशा करायच्या

एका इंजिनावर दोन बॅटऱ्या असल्या की तक्रार ठरलेली. सेल्फची, म्हणजे इंजिन सुरू करणारी बॅटरी कायम भरलेली, आणि केबिनची, म्हणजे जिच्यावर वायरलेस, जीपीएस, फिश फाइंडर आणि लाइटी चालतात ती, मध्यरात्रीच उतरते. मग जेटीवर सल्ले सुरू होतात, बॅटरी मोठी घ्या, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटऱ्या चार्ज करणारा जनरेटर) मोठा बसवा. प्लीज ऐकू नका. निम्म्याहून जास्त वेळा बॅटरी पण चांगली असते आणि अल्टरनेटर पण चांगला असतो, खोट मधल्या वायरीत असते, आणि नवीन बॅटरी त्याच वायरीवर लावली की तीही एका सीझनमध्ये जाते.

खालचे सगळे आकडे १२ व्होल्टच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीचे. २४ व्होल्टची बोट असेल तर बॅटरीच्या व्होल्टेजचे आकडे दुप्पट धरा.

दोन्ही बॅटऱ्या पक्क्या बांधलेल्या, निगेटिव्ह एकत्र जोडलेले, प्रत्येक बॅटरीला आपला मेन स्विच, आणि पेटीच्या वरच्या बाजूने हवा जायला वाट (चार्ज होताना हायड्रोजन सुटतो) एवढं तुम्ही केलंय असं धरतो.

आता दोन बॅटऱ्या जोडायच्या कशाने. जुना १-२-बोथ वाला (पहिली, दुसरी की दोन्ही बॅटऱ्या ते निवडणारा) फिरवायचा स्विच चालतो, पण तो माणसाच्या लक्षात राहण्यावर चालतो. रात्री नांगर टाकल्यावर बोथवर राहिला तर सकाळी दोन्ही बॅटऱ्या बसलेल्या, आणि खलाशाने चालू इंजिनावर तो ऑफवरून फिरवला तर अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. दुसरा प्रकार डायोडचा आयसोलेटर, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा. दुकानदार हाच पुढे करतात, मी लावू देत नाही. साधा डायोड ०.६ ते ०.७ व्होल्ट खातो, म्हणजे अल्टरनेटर १४.२ देत असला तरी बॅटरीपर्यंत १३.५ पोचतात आणि बोट जेवढा वेळ चालते तेवढ्यात तेवढ्यावर ती पूर्ण भरत नाही, अर्धवट राहून राहून प्लेटांवर सल्फेट धरतो. अल्टरनेटरला वेगळी सेन्स वायर (व्होल्टेज किती ते बघायची) असेल आणि ती थेट बॅटरीवरून घेतली असेल तर गोष्ट वेगळी, पण आपल्याकडच्या छोट्या इंजिनांवर ती क्वचितच असते.

म्हणून व्होल्टेज बघून जोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच घ्या, दुकानात व्हीएसआर मागा. सेल्फची बॅटरी साधारण १३.३ ला पोचली की तो केबिनची बॅटरी जोडतो, १२.८ च्या खाली आलं की तोडतो. रिलेचे अँपिअर अल्टरनेटरपेक्षा कमी नकोत. अल्टरनेटरची वायर थेट सेल्फच्या बॅटरीवर, रिले दोन्ही पॉझिटिव्हच्या मध्ये पण सेल्फच्या बॅटरीजवळ, त्याची बारीक काळी वायर निगेटिव्हला. मधल्या वायरीला दोन्ही टोकांना बॅटरीजवळ फ्यूज, कारण तिला दोन्हीकडून करंट आहे. एका फ्यूजवर भागवू नका, बोट जळते.

इथपर्यंत सोपं आहे, कोणीही वायरमन अर्ध्या दिवसात करून देतो. खरं डोकं पुढे लागतं, आणि मला स्वतःला इथेच सगळ्यात जास्त वेळ गेलाय, कारण रिले चालू, मीटरवर १४ दिसतायत, सगळं बरोबर, तरी केबिनची बॅटरी भरतच नाही.

कारण वायरीतला ड्रॉप, म्हणजे वाटेतच खाल्ले जाणारे व्होल्ट. इंजिन मागे, केबिनची बॅटरी पुढे, मध्ये समजा पाच मीटर. करंट जातो तसा परतही येतो, म्हणून दहा मीटर मोजायचे. ५० अँपिअरला ६ एमएमच्या (स्क्वेअर एमएम, म्हणजे तांब्याच्या छेदाचं माप) वायरीत जवळपास दीड व्होल्ट जातात, १६ एमएममध्ये अर्ध्याच्या थोडं वर, ३५ एमएममध्ये पाव. दीड व्होल्ट गेल्यावर बॅटरी भरणार कशी? प्रत्यक्षात करंटच कमी होतो आणि बोट बंदरात येईपर्यंत ती अर्धीच राहते. वायर जळत नाही ना म्हणजे चालेल, हा घरातल्या वायरिंगचा हिशोब आहे, इथे तो लावू नका.

माप असं घ्या. केबिनची बॅटरी आधी निम्मी उतरवा. हे महत्त्वाचं, भरलेल्या बॅटरीत करंटच जात नाही त्यामुळे ड्रॉपही दिसत नाही, आणि सगळं ओके म्हणून माणूस घरी जातो. इंजिन १५०० आरपीएमवर ठेवा, रिले लागू द्या. मल्टीमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या आउटपुट बोल्टवर, दुसरी केबिनच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, लगवर (वायरीच्या टोकाला दाबलेली कडी) नाही, बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवरच (खुंट्यावर). जो आकडा येईल तो थेट ड्रॉप. मग निगेटिव्ह बाजू, अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा निगेटिव्ह पोस्ट. ही बाजू कोणी तपासत नाही आणि खोट बरेचदा हिच्यातच असते, रंग लावलेल्या इंजिनावर नट आवळलेला असतो. दोन्ही मिळून ०.३ च्या वर गेलं तर एकेक सांधा मोजत या, लग ते पोस्ट, फ्यूजच्या दोन्ही बाजू, रिलेच्या दोन्ही बाजू. इंजिन बंद केल्यावर नटांना बोट लावून बघा, बाकीचे गार आणि एकच कोमट असेल तर तोच. लगच्या मागे वायर सोलून बघा, तांबं काळं पडून तारा भुगा झाल्या असतील तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा, नुसती नवीन लग दाबून उपयोग नाही. खाऱ्या हवेत कथिलाचा मुलामा असलेलीच वायर टिकते. महाग आहे, तरी तीच घ्या.

रिले टक-टक करत लागतो-सुटतो असं झालं तर लगेच रिले बदलू नका, ड्रॉप रिलेच्या अलीकडे आहे, अल्टरनेटर ते सेल्फच्या बॅटरीमध्ये, नाहीतर इंजिन इतकं हळू आहे की अल्टरनेटरला लोड झेपत नाही. रिले शांत आहे पण बॅटरी भरत नाही, तर ड्रॉप पलीकडे. एवढ्यावरून निम्मं शोधकाम वाचतं.

वायर सुधारली तरी वेळ लागतोच. बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत पटकन भरते, उरलेले २० तिच्याच मर्जीने, तासन् तास, अल्टरनेटर केवढाही असो. रोज तासभरच इंजिन चालत असेल तर सोलर पॅनल कंट्रोलरमधून थेट केबिनच्या बॅटरीवर द्या.

भरली का ते इंजिन बंद केल्या केल्या बघू नका, तेव्हाचा आकडा फुगलेला असतो. लोड काढून काही तासांनी मोजा. १२.६-१२.७ म्हणजे भरली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, त्याच्या खाली रोज नेऊ नका.

केबिनला लिथियम टाकायची असेल तर ती या रिलेवर अजिबात नको. ती मागेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जातो, तिला करंटवर मर्यादा ठेवणारा डीसी-टू-डीसी चार्जरच पाहिजे.

१ जून ते ३१ जुलै पावसाळी मासेमारी बंदीत बोट वर ओढलेली असते तेव्हा दोन्ही बॅटऱ्या आधी फुल करा, निगेटिव्ह सोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्जर लावा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतंच डिस्टिल वॉटर आधी घाला, बाकीचं चार्ज झाल्यावर, आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ॲसिड बाहेर येऊन टर्मिनल खातं.