एअर लॉकरचं वायरिंग आणि वापर: हवा टिकली तर लॉक टिकणार

एअर लॉकर (हवेच्या दाबाने डावं-उजवं चाक एकत्र जखडणारा भाग) ऐन चढावर लागला नाही, की सगळ्यांची नजर आधी अ‍ॅक्सलकडे जाते. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत मात्र दोष बहुतेक वेळा अ‍ॅक्सलच्या बाहेर सापडतो. अर्थची (मायनसची) वायर ढिली असते, हवेचा पाइप सायलेन्सरला टेकून वितळलेला असतो, नाहीतर रिलेत (कमी करंटने मोठी लाइन चालू-बंद करणाऱ्या स्विचमध्ये) पाणी शिरलेलं असतं. मी पुण्यात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. जिप्सी आणि जुन्या महिंद्रा जीप जास्त येतात. डिफ (डिफरेन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांत जोर वाटणारे गिअर) उघडून लॉकर बसवणं, शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) जुळवणं हे डायल गेज वापरणाऱ्या डिफच्या मिस्त्रीकडूनच करून घ्या. त्यापुढचं काम हातात थोडी सफाई असेल तर तुम्हालाही जमेल.

साधा डिफ दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक हवेत लटकलं की ते फिरवायला जोर लागतच नाही, आणि मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य जोर मिळतो. एअर लॉकरमध्ये हवेच्या दाबाने एक दातेरी गिअर सरकून साइड गिअरला डिफच्या केसशी जखडतो, मग दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्ट एकत्रच फिरतात. दाब सुटला की स्प्रिंग गिअरला परत मागे ढकलते.

कॉम्प्रेसर बॉनेटखाली शक्य तितका उंच बसवा. एक्झॉस्टची धग लागायला नको आणि ओढा ओलांडताना हवेच्या फिल्टरवर पाणी उडायला नको. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरातच फ्यूज हवा. कॉम्प्रेसरसोबत फ्यूजचा जो आकडा दिलेला असतो तोच घाला. ‘सारखा उडतो’ म्हणून मोठा घालू नका, तो का उडतोय ते शोधा. या मुख्य लाइनला मी ४ चौरस मिलिमीटरच्या खाली वायर वापरत नाही. वायर बारीक असली की मोटरपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही, मोटर रेंगाळते आणि तापते.

रिलेचं गणित सोपं आहे. ३० नंबरच्या पिनला फ्यूजमधून आलेली बॅटरीची लाइन, ८७ वरून कॉम्प्रेसर, ८५ ला अर्थ. ८६ ला डॅशबोर्डवरच्या स्विचची वायर येते, पण ती थेट नाही, प्रेशर स्विचमधून. दाब भरला की प्रेशर स्विच उघडतो, रिले सुटतो, मोटर थांबते. लॉकरसाठीच्या बऱ्याच लहान कॉम्प्रेसरांत मोटर साधारण ८५ पीएसआयला चालू होते आणि १०५ ला बंद. टायर भरायच्या मोठ्या कॉम्प्रेसरचा प्रेशर स्विच याहून जास्त दाबाचा असू शकतो, म्हणून तुमच्या लॉकरला किती दाब चालतो ते त्याच्या कागदावर आधी बघा. अर्थची वायर बॉडीच्या रंगावर नुसती आवळून भागत नाही. रंग खरवडून लख्ख पत्रा काढा, किंवा सरळ बॅटरीच्या मायनसला न्या. मी मायनसलाच नेतो.

आता स्विचचा क्रम. कॉम्प्रेसरच्या स्विचला लाइन इग्निशनची. मागच्या लॉकरच्या स्विचला लाइन कॉम्प्रेसरच्या स्विचमधून, आणि पुढच्याला मागच्यातून. असं जोडलं की कॉम्प्रेसरचा स्विच बंद असताना लॉकर लागत नाही, आणि चुकून एकटा पुढचा लॉकर लागत नाही. सोलेनॉइड (लॉकरकडे हवा सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) फार कमी करंट घेतो, त्याला १ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: स्विचचा दिवा फक्त सोलेनॉइडला वीज पोचल्याचं सांगतो. लॉकर लागला की नाही, हे त्या दिव्याला कळत नाही.

हवेचा पाइप पकडीने तोडू नका. नवीन ब्लेडने काटकोनात कापा, तिरका काप फिटिंगमध्ये गळतो. टेफ्लॉन टेप लावताना पुढचे दोन आटे मोकळे ठेवा, कारण टेपचा बारीक तुकडा सोलेनॉइडमध्ये अडकला की तो व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही. चासीवरून अ‍ॅक्सलकडे पाइप ब्रेकच्या होजच्या वाटेनेच न्या आणि अ‍ॅक्सल पूर्ण लटकल्यावरही ताण येणार नाही इतकी ढील ठेवा.

वायर-पाइपना केबल टाय बांधण्याआधी तपासणी. मागचा लॉकर चालू ठेवून दाब भरू द्या, मोटर थांबली की पंधरा मिनिटं थांबा. तेवढ्यात मोटर पुन्हा सुरू झाली तर गळती आहे. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. मग पुढच्या चाकांना ओट लावून मागचा अ‍ॅक्सल स्टँडवर घ्या. इंजिन बंद, इग्निशन चालू, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. लॉकर बंद असताना एक चाक हाताने फिरवलं की दुसरं उलटं फिरतं. लॉकर लावा, चाक किंचित हलवा, दाते बसल्याचा ‘टक्’ हाताला कळतो. मग दोन्ही चाकं जाम होतात.

चालवताना लॉकर अडथळ्याच्या अलीकडे लावा. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) घाला, थांबा किंवा अगदी रांगत असताना स्विच दाबा. एक चाक गरगर फिरतंय आणि तुम्ही स्विच दाबलात, तर दात्यांचा तुकडा उडू शकतो. आधी मागचा; तेवढ्याने भागलं नाही तरच पुढचा, आणि तोही स्टीअरिंग सरळ असताना. पूर्ण वळवलेलं स्टीअरिंग, पुढचा लॉकर आणि वर अ‍ॅक्सिलरेटर, असे तिन्ही एकत्र आले की पुढच्या चाकाकडचा जॉइंट तुटतो. लाल मातीच्या ओल्या आडव्या उतारावर मी लॉकर काढूनच ठेवतो. तिथे दोन्ही चाकं एकदम घसरली की गाडीची मागची बाजू खाली ओढली जाते. डांबरी रस्त्यावर लॉकर कधीच नको. बंद केल्यावरही दाते अडकलेले वाटले, तर थोडं सरळ चालवून स्टीअरिंग हलकं इकडेतिकडे करा, ताण सुटतो.

बंद करताना सोलेनॉइडमधून ‘फुस्स’ असा आवाज यायलाच हवा, ते भोक बुजवू नका. तिथून गिअर ऑइल येऊ लागलं तर आधी डिफमधल्या तेलाची पातळी आणि ब्रीदर (डिफमधली हवा बाहेर सोडणारी नळी) तपासा. पावसाळ्यात ब्रीदर चिखलाने बुजतोच. लॉकर लावल्यावर ब्रीदरमधून हवा येत असेल, तर डिफच्या आतलं ओ-रिंग गेलंय. मग वायरिंगला हात लावू नका, गाडी डिफच्या मिस्त्रीकडे न्या.