सॅक घेताना आधी पाठ मोजावी

रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीमार्गे हरिश्चंद्रगड गाठण्यासारख्या दोन-तीन दिवसांच्या भटकंतीसाठी सॅक घेताना बहुतेकजण प्रथम ती किती लिटरची आहे हे विचारतात. वास्तविक तंबूसह सामान असले तरी ५० ते ६० लिटरची सॅक पुरते आणि त्याहून मोठी घेतली की रिकामी जागा भरण्याचा मोह आवरत नाही. अधिक महत्त्वाची असते ती पाठीची लांबी. मान पुढे झुकवल्यावर तिच्या तळाशी जो मणका ठळकपणे हाताला लागतो, तेथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणाकडून टेपने मोजून घ्यावे. उंच माणसाची पाठ लांबच असते, असे नाही.

दुकानात रिकामी सॅक अडकवून आरशात पाहण्याचा काहीच उपयोग नाही. तिच्यात आठ-दहा किलो वजन भरून, आधी कमरेचा पट्टा हाडांवर घट्ट बसवावा, मग खांद्यांचे पट्टे ओढावेत आणि पंधरा मिनिटे चालून पाहावे, शक्य असल्यास जिनाही चढावा. भाराचा मोठा हिस्सा कमरेने पेलायला हवा. पट्टे गुबगुबीत असूनही खांदे ओढले जात असतील, तर बहुधा माप चुकले आहे.

सह्याद्रीच्या पावसात बाहेरचे आवरण पुरत नाही, कारण पाणी पाठीच्या बाजूने झिरपते. म्हणून कपडे आणि स्लीपिंग बॅग आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावीत.