स्कीइंगची पहिली सहल, तीही हंगामाच्या सुरुवातीला? मग रिसॉर्ट असं निवडा

मी पायात पहिल्यांदा स्की चढवल्या तो नोव्हेंबरचा तिसरा आठवडा होता. ‘रिसॉर्ट सुरू झालं, माथ्यावर ८० सेंटिमीटर बर्फ’ एवढं वाचलं आणि बुकिंग करून मोकळी झाले. पोचल्यावर कळलं, बर्फ आहे तो खरोखरच माथ्यावर. खाली, जिथे नवशिक्यांचा उतार असतो, तिथे ओलं पिवळं गवत आणि ताडपत्री घालून ठेवलेला सरकता पट्टा (नवशिक्यांना उभ्याउभ्याच उतारावर वर नेणारा). आमचा वर्ग भरला मधल्या स्टेशनावर, एका बऱ्यापैकी चढाच्या रनच्या (म्हणजे स्कीने उतरायच्या आखलेल्या वाटेच्या) कडेला, दोरी बांधून वेगळ्या केलेल्या बॅडमिंटन कोर्टाएवढ्या जागेत. तीन दिवसांत मी गोंडोलाच्या (बंद डब्यांच्या केबलकारच्या) रांगेत जितकी उभी राहिले, तितकी बर्फावर राहिले नसेन.

रिसॉर्टने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. प्रश्न माझाच चुकला होता. ‘रिसॉर्ट उघडलं का?’ हे ज्याला स्कीइंग येतं त्याने विचारायचं. शिकणाऱ्याने विचारायचं ते असं: शिकाऊ उतार उघडलाय का, आणि तो किती उंचीवर आहे? पुढचं सगळं या एका प्रश्नाभोवतीच फिरतं.

१. आधी तारखेशी थोडी घासाघीस करा

उत्तर गोलार्धात हंगामाची सुरुवात म्हणजे साधारण ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरचा मध्य, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात जून. या दिवसांत गर्दी कमी, राहण्याचे दर खाली, आणि वर्गात चार-पाच जणच असण्याची शक्यता बरीच. शिकणाऱ्याला यापैकी शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची.

पण ‘सुरुवात’ या एका शब्दात फार वेगवेगळे आठवडे कोंबलेले असतात. १० नोव्हेंबर आणि १२ डिसेंबर यांत फरक महिन्याचा नसून थंडीच्या तीस रात्रींचा असतो. तारीख हलवता येत असेल तर ख्रिसमसच्या सुट्टीआधीचे आठ-दहा दिवस गाठा. गर्दी अजून आलेली नसते, खालचे उतार बहुतेक उघडलेले असतात. तारीख हलणारच नसेल, तर पुढच्या पायऱ्या जास्त काटेकोरपणे पाळाव्या लागतील.

२. उंची बघा, पण शिखराची नव्हे

डोंगरावर वर जाताना दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. शिखर ३,००० मीटरवर आणि गाव १,००० मीटरवर असेल, तर वर उणे दहा असताना खाली अधिक तीन असू शकतं. म्हणजे वर बर्फ पडत असतो त्याच वेळी खाली पाऊस. आणि शिकाऊ उतार बहुतेक ठिकाणी गावालगत, म्हणजे खालीच असतो. जाहिरातीत शिखराचा आकडा ठळक असतो. तो तुमच्या काही कामाचा नाही.

रिसॉर्टचा नकाशा उघडा आणि सरकता पट्टा कुठे दाखवलाय ते शोधा. काही ठिकाणी गावच इतकं उंचावर आहे की हा प्रश्नच मिटतो. फ्रान्समधलं व्हाल तोरांस २,३०० मीटरवर वसलंय. ऑस्ट्रियातलं ओबरगुर्गल सुमारे १,९३० मीटरवर. कॅनडातल्या सनशाइन व्हिलेजला गोंडोलाने २,१६० मीटरवरच्या वस्तीत गेल्यावरच स्कीइंग सुरू होतं, आणि सोपे उतार त्या वस्तीभोवतीच आहेत. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या कीस्टोनने तर नवशिक्यांसाठी एक जागा थेट डर्कम डोंगराच्या माथ्यावर, साडेतीन हजार मीटरच्या आसपास केली आहे. तिथून ‘स्कूलमार्म’ नावाचा लांबच लांब सोपा रन खाली उतरतो. नकाशात असं काही दिसलं की त्या नावावर खूण करून ठेवायची.

फार उंचीची किंमतही असते. कोलोरॅडोतलं ब्रेकेनरिज गाव २,९०० मीटरच्या वर आहे. सपाटीवरून थेट तिथे उतरणाऱ्याचं पहिल्या रात्री डोकं दुखणं, झोप न लागणं अगदी नेहमीचं. अशा जागी पोचल्याच्या दिवशी वर्ग ठेवू नका.

३. हिमनदीला भुलू नका

हंगामाआधी स्कीइंग शोधायला लागलात की हिमनद्यांची नावं सारखी समोर येतात. ऑस्ट्रियातलं हिंटरटक्स आणि स्वित्झर्लंडमधलं झेरमाट, दोन्हीकडे हिमनदीवर वर्षभर स्कीइंग चालतं. सोल्डनच्या हिमनदीवर तर ऑक्टोबरअखेरीला विश्वचषकाच्या शर्यती होतात. बर्फाची खात्री हवी तर याहून पक्की जागा नाही, हे खरंच.

पण तीन हजार मीटरवर झाडं नसतात. ढग आला की आकाश आणि उतार एकाच रंगाचे होतात. पायाखालची जमीन वर जातेय की खाली, तेच कळत नाही. वारा वाढला की लिफ्ट बंद. शिवाय हिमनदीवर चेअरलिफ्टऐवजी टी-बार बरेच असतात, आणि टी-बार हे नवशिक्याचं खास दुखणं आहे. उलट्या ‘टी’सारखा एक दांडा मागून येतो, तुम्हाला मांड्यांमागून ढकलत वर नेतो. त्यावर बसायचं नसतं, फक्त टेकायचं असतं. पहिल्या दिवशी प्रत्येकजण बसतो, आणि बसला की पडतो. शेजारी दुसरा कुणी असेल तर त्यालाही घेऊन पडतो.

अपवाद आहेत. ऑस्ट्रियातल्या स्टुबाई हिमनदीवर गाम्सगार्टन या २,६०० मीटरवरच्या स्टेशनाजवळ मुलांसाठी आणि शिकणाऱ्यांसाठी वेगळी जागा राखलेली आहे. हिमनदीच निवडायची असेल तर अशी राखीव जागा असलेली निवडा. नुसतं ‘आमच्याकडे निळे (म्हणजे सोपे) रनही आहेत’ हे पुरेसं नाही.

४. बर्फाच्या तोफा कुणाकडे तोंड करून आहेत?

हंगामाच्या सुरुवातीचा बर्फ बहुतेक ठिकाणी यंत्राने केलेला असतो. तोफेतून पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडवले जातात आणि जमिनीवर पडेपर्यंत ते गोठतात. यासाठी नुसती थंडी पुरत नाही, हवा कोरडीही लागते. कोरड्या हवेत थेंबाचं थोडं पाणी उडून जातं आणि उरलेला थेंब आणखी गार होतो. म्हणून हे काम करणारे साध्या तापमानाऐवजी वेट बल्ब तापमान (थंडी आणि हवेतला दमटपणा दोन्ही धरून येणारं) बघतात. ते उणे दोनच्या खाली गेलं की तोफा सुरू. हवा अगदी कोरडी असेल तर पारा शून्याच्या किंचित वर असतानाही जमतं, दमट असेल तर उणे एकलाही नाही.

तुमच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. एक, ‘९० टक्के उतारांवर तोफा आहेत’ या वाक्यात शिकाऊ उतार धरलाय की उरलेल्या दहा टक्क्यांत टाकलाय, ते विचारा. दोन, थंड रात्री मोजक्याच असल्या तर बहुतेक रिसॉर्ट आधी मुख्य लिफ्टखालचा एक लांब रन पांढरा करतात, कारण त्यावर जास्त लोक मावतात. तुमचा पट्टा रांगेत मागे.

फिनलंडमध्ये याच्या पुढची युक्ती आहे. लेव्ही आणि रुका इथे आदल्या हिवाळ्यातल्या बर्फाचे ढीग उन्हाळाभर झाकून जपतात आणि ऑक्टोबरमध्ये उतारावर पसरतात. लेव्हीचा डोंगर जेमतेम ५३१ मीटरचा. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे उंचीची कसर अक्षांश भरून काढतो. उतार बुटके आणि सौम्य, शिकायला छान. फक्त डिसेंबरच्या मध्याला तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. दिव्यांच्या उजेडात शिकायला काही हरकत नाही, पण उन्हातल्या बर्फाच्या फोटोंची आशा मनात असेल तर आधीच सोडून द्या.

५. बर्फाचा अहवाल संशयाने वाचा

‘९०पैकी ६ रन खुले’ हे वाचून पुढे जाऊ नका. ते सहा कोणत्या रंगाचे? आणि रंगांची भाषा देशागणिक बदलते. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ म्हणजे सर्वांत सोपं, निळा चौकोन मध्यम. फ्रान्समध्ये हिरवा सोपा आणि निळा त्याच्या वरचा. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, इटलीत सहसा हिरवा नसतोच, निळ्यापासूनच सुरुवात. जपानमध्ये हिरवा सोपा आणि त्यानंतर थेट लाल, पण तो लाल म्हणजे मध्यम. एका देशातला ‘निळा जमतो’ दुसऱ्या देशात नेताना जपून.

लवकर उघडण्याची शर्यत जिंकणारं रिसॉर्ट नवशिक्यासाठी चांगलं असतंच असं नाही, किंबहुना उलटच असतं. कोलोरॅडोतलं अ‍ॅरापाहो बेसिन सर्वांत आधी उघडणाऱ्यांपैकी एक, पण तिथे सहसा आधी सुरू होतो तो ‘हाय नून’ हा मध्यम दर्जाचा रन. अमेरिकेतल्याच व्हरमाँटमधल्या किलिंग्टनला तर हंगामाची सुरुवात डोंगराच्या वरच्या भागातच होते. गोंडोलाने वर जायचं, मग लोखंडी जिन्याच्या वाटेने रनपर्यंत चालायचं, आणि परतताना त्याच जिन्याने वर. स्कीचा बूट घोट्यात वाकत नाही, खांद्यावर स्कीचं ओझं, पायऱ्यांवर बर्फाचा चिखल. जाणकार हे सगळं हौसेने करतात. तुम्ही अजून जाणकार नाही.

एकच रन खुला असला की दुसरी अडचण. तपकिरी डोंगरावरून एक पांढरी पट्टी खाली आलेली असते आणि सगळं गाव त्या पट्टीवर. शर्यतीचा सराव करणारी पोरंही तिथेच. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या नियमांनुसार मागून येणाऱ्यानेच पुढच्याला सांभाळायचं असतं, पण पाठीमागून येणारा तो खरखर आवाज ऐकून शिकणाऱ्याचे गुडघे ताठ होतात ते होतातच.

अहवालासोबत वेबकॅम बघा, आणि माथ्याचा नाही, पायथ्याचा. आठवडाभर रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. कडेला गवत दिसतंय का, तोफा रात्री चालल्याच्या खुणा आहेत का, दुपारी उतार चकाकतो का. दुपारी वितळलेला बर्फ रात्री गोठला की सकाळी काचेसारखा कडक होतो. असं रोज होत असेल तर वर्ग सकाळी नऊऐवजी अकराचा घ्या.

६. फोन करा, पण रिसॉर्टला नव्हे, स्की स्कूलला

रिसॉर्टच्या कचेरीत फोन उचलणारा माणूस तिकिटं विकतो. स्की स्कूलमधल्याला मात्र रोज सकाळी दहा घाबरलेल्या माणसांना कुठेतरी उभं करायचं असतं, त्यामुळे त्याचं उत्तर खरं असतं. माझे प्रश्न ठरलेले आहेत:

– अमुक तारखेला पहिल्या दिवसाचा वर्ग नेमका कुठे भरेल? खालचा उतार तयार नसेल तर कुठे?
– तिथे पट्टा आहे की टी-बार?
– तिथून लिफ्टनेच खाली येता येतं का? (हे फार महत्त्वाचं. शेवटचा उतार जमला नाही तर सुटका हवी.)
– किमान किती जण जमले तर गटाचा वर्ग होतो? मी एकटीच असले तर?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सुरुवातीच्या आठवड्यांत बऱ्याचदा सुखद असतं: ‘एकट्याच असाल तर तास कमी, पण शिक्षक पूर्ण तुमचा.’ याच फोनवर नवशिक्यांचा वेगळा लिफ्टचा पास आहे का तेही विचारून घ्या. पहिले दोन दिवस तुम्ही पन्नास मीटरच्या उतारावरच असणार. अख्ख्या डोंगराचा पास कशाला?

७. पैसे अडकवताना

राहण्याची जागा अशी घ्या की आठवडाभर आधीपर्यंत रद्द करता येईल. ‘बर्फाची हमी’ असेल तर बारीक अक्षरं वाचाच. कित्येकदा परिसरात कुठेतरी एक लिफ्ट चालू असली तरी हमी पूर्ण झाली असं धरतात, आणि ती एक लिफ्ट तुमच्या उपयोगाची नसते. स्की आणि बूट भाड्याने घ्या. सुरुवातीच्या पातळ बर्फाखाली दगड असतात, नव्या स्कीवर ओरखडे कशाला?

जवळपास उंचावरची दुसरी जागा असलेलं खोरं निवडलं तर निम्मी काळजी मिटते. ऑस्ट्रियाच्या झिलरटालमध्ये खालचे उतार तयार नसले, तरी खोऱ्याच्या टोकाला हिंटरटक्स आहेच.

आणखी एक उपाय, जो नवशिक्यांना कुणी सुचवत नाही: सहलीच्या आधी एखाद्या बंदिस्त बर्फघरात दोन दिवस घालवा. दुबईत २००५पासून असं एक आहे, युरोपातही अनेक आहेत. पहिल्या दोन तासांत शिकायचं ते जगभर सारखंच: बूट घालून चालणं, पडल्यावर उठणं, स्कीची टोकं जवळ आणून थांबणं. ते छपराखाली जमलं की डोंगरावर गेल्यावर सरकत्या पट्ट्यावर फार दिवस अवलंबून राहावं लागत नाही.

पुढच्या वर्षी मी फोन केला तेव्हा स्की स्कूलमधल्या बाई म्हणाल्या, “पट्टा शुक्रवारी सुरू करू, थंडी टिकली तर.” त्यांच्या त्या ‘तर’कडे लक्ष देऊन मी मंगळवारपासूनचं बुकिंग केलं. शनिवार-रविवार खाली पाऊस पडला. पट्टा सोमवारी दुपारी सुरू झाला.