जमिनीचा प्रश्न एआयला विचारताना राज्याचे नाव लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी भाषकांनी एआयला जमिनीविषयी काही विचारताना प्रश्नातच राज्य आणि तालुका आवर्जून लिहावा. मराठीतला महसुली मजकूर बहुतांशी महाराष्ट्रातला असल्यामुळे, वारसनोंद कशी करावी असे नुसते मराठीत विचारले, तर उत्तरात सातबारा, आठ-अ आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ येण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात आपल्या जमिनीला कर्नाटक भू-महसूल अधिनियम, १९६४ लागू आहे आणि आपला उतारा ‘भूमी’ या कर्नाटकाच्या संगणकीकृत भूमिअभिलेख प्रणालीतून निघतो. उत्तराची भाषा सफाईदार असल्याने ही गल्लत चटकन लक्षात येत नाही, आणि मला तेच अधिक धोक्याचे वाटते.

कन्नड उताऱ्याचे भाषांतर करून घेतले, तरी क्षेत्राचा रकाना मूळ कागदावर स्वतः पाहावा. तेथे क्षेत्र एकर, गुंठे आणि आणे (गुंठ्याचे भाग) या क्रमाने लिहिलेले असते, म्हणजे २.१० याचा अर्थ दोन एकर दहा गुंठे असा होतो. एआयने तो आकडा दशांश समजून वाचला, तर एकरात ४० गुंठे या हिशेबाने दोन एकर चार गुंठेच भरतात. सहा गुंठ्यांची ही तफावत वाटणीपत्रात शिरली, तर भावाभावांत वर्षानुवर्षे दावा चालू शकतो. उत्तर कोणत्या कायद्याच्या आधारे दिले तेही एआयला विचारावे, आणि अर्ज करण्यापूर्वी नाडकचेरीत, म्हणजे कर्नाटकातील स्थानिक महसूल कार्यालयात, खात्री करून घ्यावी.