फ्लॅट बघायला जाल तर संध्याकाळी पाचला जा

पुण्यात घर बघायला आपण बहुधा रविवारी सकाळी जातो. तेव्हा पश्चिमेची खोली गार, छान वाटते. तीच खोली मे महिन्यात संध्याकाळी पाचला बघा.

त्या वेळी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 27 अंश वर असतो. दोन फुटी छज्जा असला तरी खिडकीचा वरचा फूटभरच सावलीत येतो, बाकी सगळ्या काचेतून ऊन थेट पलंगावर. भिंतीही तापलेल्या असतात आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात. आतून जाड पडदा लावून फारसं भागत नाही, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं. आडोसा बाहेरूनच हवा: बांबूची चिक, वाळ्याचा पडदा किंवा गॅलरीत चढवलेला मधुमालतीचा वेल. सूर्य मावळला की मात्र सगळ्या खिडक्या उघडा, पुण्याची रात्रीची हवा फुकट मिळते.

दक्षिणेच्या खिडकीला लोक उगाच नाकं मुरडतात. माझ्या मते इथे तीच सगळ्यात गुणी. मेच्या मध्यावर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, ऊन आत शिरतच नाही. डिसेंबरात तो दुपारीही 48 अंशांवरच राहतो, त्यामुळे त्याच दोन फुटी छज्ज्याखालून चार फुटी खिडकीच्या खालच्या जवळजवळ अर्ध्या भागातून ऊब आत येते. आजी-आजोबांची खोली तीच ठेवा.

उत्तरेला उजेड छान, पण थंडीत ऊन नाही. तिथे संध्याकाळीच खिडकी लावून पडदा ओढा.